मोळीला एक्कावन्न, तर ट्रकला किती?

पारनेर तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, एक लाकडी फळी आहे. तिच्यावर तिखटमिठाचे डबे, लाइट बिलं, रेशन कार्ड, देवीच्या प्रसादाची पुडी असं सगळं गुण्यागोविंदानं नांदत असतं. तिथंच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत धुरानं पिवळी पडलेली एक पावती आहे. एक्कावन्न रुपयांची. वर्गणीची नाही, देणगीची नाही, दंडाची. गावच्या डोंगरातून सरपणाची मोळी आणली म्हणून आत्यानं भरलेला दंड.

“आत्या, एवढी वर्षं झाली, टाकून का देत नाहीस गं?” मी एकदा विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “त्या कागदाचा मला लई उपेग झालाय.”

काय उपयोग झाला, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

डोंगर राखायचा ठरला

गोष्ट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची. आपला नगर जिल्हा (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे) क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला धो धो पाऊस, आणि इकडे पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेडला ढग नुसते तोंड दाखवून जातात. अशा मुलखात डोंगर उघडा पडला की काय होतं, हे तिथल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. जो काही पाऊस पडतो तो माती घेऊन ओढ्याला जातो, विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवतात आणि मग उन्हाळाभर टँकरपुढे हंड्यांची रांग. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावचे डोंगर असेच बोडके होत गेले. आधी मोठी झाडं गेली, मग झुडपं, शेवटी मुळ्या.

आत्याच्या गावचा डोंगर तसा सरकारी, फॉरेस्टचा. पण पिढ्यान्‌पिढ्या गाव त्याला आपलाच म्हणत आलं. त्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं नाव तोवर सगळीकडे झालं होतं. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले, त्यानंतर नालाबंडिंग झालं, झाडं लागली, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, घरोघरी गोबरगॅस आले. १९८६ साली अण्णांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. तिथलं पाहून आसपासची गावं पेटून उठली. आत्याच्या गावानंही ठराव केला की आपल्याकडेही कुऱ्हाडबंदी.

ठराव मारुतीच्या देवळापुढे झाला. पारावर पुरुष बसले होते. बाया घरात होत्या. दुसऱ्या दिवशी दवंडी आली तेव्हा त्यांना कळलं की आजपासून डोंगरात कोयता-कुऱ्हाड न्यायची नाही, नेली तर एक्कावन्न रुपये दंड.

“मग सैपाक कशावर करायचा, ते कुणी सांगितलं का?” मी विचारलं.

“ते कोन सांगणार? ठराव करणारांनी कधी चूल पेटवली व्हती का?”

पहिले दोन महिने आत्यानं तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडं जाळली. मग गोवऱ्या. गोवऱ्या जाळल्या तर शेताला शेणखत कुठून? मग दोन शेळ्या विकल्या, कारण डोंगर चराईलाही बंद. पावसाळ्याच्या तोंडाला सगळं संपलं, तेव्हा ती एका दुपारी विळा, दोर आणि चुंबळ घेऊन वर गेली. मोळीत बहुतेक वाळक्या काटक्याच होत्या. पण चार ओल्या फांद्याही होत्या, बाभळीच्या. ती हे लपवत नाही. उतरताना राखणदारानं धरलं. संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं.

मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पैसे तिनं अंडी विकून भरले. आणि पुढं कितीतरी दिवस ती डोंगराकडे बघायची नाही. “राग डोंगराचा नव्हता गं,” ती म्हणते. “पर मला वाटायचं, झाडं माझ्यावर राखलीत. माझ्यापासून.”

पाच सूत्रं आणि एक चूल

नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. आदर्श गावाची ही पाच सूत्रं नगर जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मला ती फार मोलाची वाटतात. त्यांच्यामुळे इथल्या गावांत पाणी परत आलं, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण मैत्रिणींनो, जरा स्वयंपाकघराच्या बाजूनं त्यांच्याकडे बघू या. नशाबंदीचा सगळ्यात जास्त फायदा बाईला झाला, यात वादच नाही. नसबंदीचं ऑपरेशन बहुतेक घरांत कुणाचं झालं, ते वेगळं सांगायला नको. आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदीचं ओझं कुणाच्या डोक्यावर आलं? जिच्या डोक्यावर आधी मोळी होती तिच्याच. मोळी गेली, पण सरपणाची काळजी तिच्याच डोक्यावर राहिली.

याचा अर्थ कुऱ्हाडबंदी चुकीची, असा मुळीच नाही. बंदी नसती तर डोंगर उरलाच नसता. मोळी वाळक्याची असते म्हणून तिनं काही बिघडत नाही, असंही म्हणता येणार नाही. शंभर घरच्या शंभर मोळ्या रोज उतरू लागल्या, तर वाळकं दोन महिन्यांत संपतं आणि मग विळा ओल्याला लागतो. आत्याचाही लागलाच होता. प्रश्न एवढाच, की बंदी करताना बाईला फक्त चोर म्हणून मोजायचं, की राखणदार म्हणूनही?

दुसरी एक गोष्ट या हिशेबात नेहमी सुटते. वाळक्या काटक्यांची मोळी घरच्या चुलीत जाते. बुंध्यातून कापलेलं झाड घरात येत नाही. ते जातं लाकडाच्या वखारीत, वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीत. त्या व्यवहारात पैसा असतो आणि पैसा असला की डोळेझाक करणारेही असतात. १९९१ साली अण्णांनी भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केलं, तेव्हाच्या पहिल्या लढ्यांपैकी एक याच कारणासाठी होता. वनखात्यातले काही अधिकारी आणि लाकडाचे व्यापारी यांचं साटंलोटं त्यांनी चव्हाट्यावर आणलं आणि ४० च्या आसपास अधिकाऱ्यांवर बदली-निलंबनाची कारवाई झाली. म्हणजे ज्या काळात गावोगावी मोळीवाल्या बायांना दंड होत होता, त्याच काळात जंगल ट्रकनंही जात होतं.

पहाटेचा ट्रक

आत्याच्या गावात तो ट्रक आला दंडाच्या पावतीनंतर सात-आठ वर्षांनी. तोवर राखलेल्या डोंगरानं चांगलं अंग धरलं होतं. लिंब, बाभूळ, खैर, सीताफळ, खाली गुडघाभर गवत. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकू लागलं होतं.

खेड्यातल्या बाईला पहाटे गाव उठायच्या आत परसाकडे जाऊन यावं लागायचं. त्या दिवशी अंधारात डोंगराच्या पायथ्याशी करवतीचा आवाज आला. चार-पाच बायांनी जाऊन पाहिलं तर ट्रक उभा, मजूर कामाला लागलेले, आणि लिंबाची जाड जाड झाडं आडवी पडलेली. एक पळत जाऊन वस्तीवरच्या बाकीच्यांना उठवून आली. अकरा जणी जमल्या. त्यात आत्या होती. आणि गंमत म्हणजे, अकरांपैकी सात जणींनी कधी ना कधी मोळीचा दंड भरलेला होता.

ठेकेदार काही दमदाटी करणारा नव्हता. गोड बोलला. “मावशी, माझ्याकडं कागद आहे. गावातल्या मोठ्या मंडळींना विचारून आलोय.”

कागद वाचायचा कुणी? आत्याला अक्षरओळख नाही. शेजारणीची नववीतली मुलगी बरोबर आली होती, तिनं बॅटरीच्या उजेडात मोठ्यानं वाचला. कागद खरा होता. पण तो होता एका शेतकऱ्यानं आपल्या बांधावरची सहा झाडं विकल्याचा. गट नंबर त्याच्या शेताचा. डोंगराचा त्यात उल्लेखच नव्हता. अशा वेळी नेहमी हेच होतं. कागद बांधावरच्या सहा झाडांचा आणि त्याच्या आडून कुऱ्हाड चालते सरकारी हद्दीतल्या साठ झाडांवर.

उजाडलं तशी पुरुषमंडळी आली. आणि मग हळूहळू खरं काय ते बाहेर पडलं. देवळाच्या सभामंडपाला पैसे कमी पडत होते. ठेकेदारानं चांगली देणगी कबूल केली होती. गावातल्या चार जणांना वाटलं, पायथ्याची थोडी झाडं गेली तर काय बिघडलं, देवाचंच काम होतंय.

तेव्हा आत्या बोलली. उभ्या आयुष्यात चार पुरुषांपुढं पहिल्यांदा. घरून ती पावती मागवून घेतली होती तिनं. ती पुढं धरून म्हणाली, “माझ्या मोळीला एक्कावन्न रुपये घेतले तुमी. भोंग्यावर नाव घेतलं. आता सांगा, या ट्रकला किती? आन्‌ नाव कुणाकुणाचं घ्यायचं?”

कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. बाया ट्रकपुढं बसून राहिल्या. दुपारी वनरक्षक आला, पंचनामा झाला. चौदा झाडं पडली होती. बाकीची वाचली. पुढं त्या प्रकरणाचं काय झालं, कुणाला शिक्षा झाली की नाही, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. सभामंडप दोन वर्षं उशिरा झाला, लोकवर्गणीतून. त्यात आत्याचेही एक्कावन्न रुपये आहेत!

पण खरी गोष्ट घडली ती पुढच्या ग्रामसभेत. पहिल्यांदाच पंचवीस-तीस बाया जाऊन बसल्या. त्यांनी कुऱ्हाडबंदी उठवा, असं म्हटलं नाही. दोन मागण्या केल्या. एक, पडलेलं आणि वाळकं लाकूड आठवड्यातून दोन दिवस पाळीपाळीनं वेचू द्यायचं. नुसत्या हातानं, कोयता-कुऱ्हाड न नेता. दोन, गोबरगॅसची यादी होईल तेव्हा ज्यांच्याकडे जमीन कमी, त्यांची नावं आधी घ्यायची. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरी अर्धीमुर्धी. पण त्यानंतर डोंगरात राखणदार ठेवायची फारशी गरज उरली नाही. वेचायला गेलेल्या बायांचीच नजर सगळीकडे असायची.

हिवरे बाजारचा हिशेब

माझ्या आत्याचं गाव छोटं, त्याची गोष्ट कुठं छापून आली नाही. पण हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर जुळलेला पाहायचा असेल तर नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाहावं. हिवर हे आपल्या माळरानावरचं काटेरी झाड, बाभळीच्या जातीचं. नावात असं झाड असलेल्या या गावाच्या डोंगरावर एके काळी झाड औषधालाही उरलं नव्हतं. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९८९-९० मध्ये शिकलेल्या तरुण पोपटराव पवारांना गावानं सरपंच केलं. १९९३ च्या सुमारास सामाजिक वनीकरण खात्याला बरोबर घेऊन सुमारे ७० हेक्टर उजाड वनजमिनीवर काम सुरू झालं. डोंगरउतारावर जवळजवळ ४०,००० सलग समपातळी चर खणले गेले, रोजगार हमीतून आणि श्रमदानातून. अशा कामांवर बायांचे हात किती असतात, हे रोजगार हमीचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. पुढं आदर्श गाव योजनेत गाव आलं, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी कडक पाळली गेली.

पण मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती वेगळी गोष्ट. जनावरं डोंगरात सोडायची नाहीत, मात्र नाममात्र पैसे भरून गवत कापून न्यायचं. म्हणजे डोंगराला कुलूप लावलं नाही, दार ठेवलं आणि दाराला नियम ठेवला. २००० साली तिथं १०० टनांच्या आसपास गवत निघायचं, ते २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे. गवत वाढलं तसं दूध वाढलं. दिवसाला दीडशे लिटरचं चार हजार लिटरपर्यंत पोचलं. दूध वाढलं म्हणजे शेण वाढलं, म्हणजे गोबरगॅसही आला आणि खतही. दुधाचे पैसे घरात आले की गॅसची टाकीही परवडते. झाड न तोडण्याचा फायदा असा फिरून फिरून चुलीपर्यंत आला, म्हणून बंदी टिकली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. गावाच्या यशाची कारणं सांगताना लोक नेतृत्व, जलसंधारण, पाण्याचा ताळेबंद यांची नावं घेतात आणि ती खरीच आहेत. मी त्यात एक जोडीन. जिथं बंदीबरोबर पर्याय येतो, तिथं बंदी मोडायला कुणी रात्री डोंगरात जात नाही.

माहेर कुणाचं?

जंगलतोड आणि बाई म्हटलं की आपल्याला चिपको आठवतं. २६ मार्च १९७४, हिमालयातलं रेणी गाव. सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झालेला. गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेलेले, आणि नेमके त्याच दिवशी ठेकेदाराचे मजूर आले. गौरा देवी आणि तिच्याबरोबरच्या २७ जणी आडव्या उभ्या राहिल्या. हे जंगल आमचं माहेर आहे, असं गौरा देवी म्हणाल्या, असं सांगतात. माहेर! किती नेमका शब्द. अडीअडचणीला जिथं जाता येतं, रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, ते.

रेणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्याच भागातल्या डुंगरी-पैंतोलीची फार जणींना माहीत नसते. साल १९८०. तिथं गावच्या पुरुषांच्या पंचायतीनं ओकचं जंगल तोडायला संमती दिली होती. बदल्यात रस्ता, वीज, शाळा, दवाखाना मिळणार होता. वाईट काहीच नाही त्यात! पण चारा-सरपणासाठी रोज त्या जंगलात जाणाऱ्या बायांना कुणी विचारलंच नव्हतं. जंगल गेलं तर त्यांनाच लांब लांब चालावं लागणार होतं. त्या विरोधात उभ्या राहिल्या, ठेकेदाराच्याच नव्हे, घरच्या माणसांच्याही. आणि जंगल वाचलं. हे वाचलं तेव्हा मला आत्याच्या गावचा सभामंडप आठवला. विकासाचं काम, देवाचं काम. नाव काहीही असो, किंमत कोण मोजणार, हे त्याच माणसाला विचारायला हवं ना?

केनियाच्या वांगारी मथाई यांनीही १९७७ साली कामाला सुरुवात केली ती खेड्यातल्या बायांच्या साध्या तक्रारीवरून. सरपणाला आता फार लांब जावं लागतं. त्यावर त्यांनी म्हटलं, मग झाडं लावू या. पुढं नैरोबीजवळचं करुरा हे सार्वजनिक जंगल बिल्डरांच्या घशात जात होतं, तेव्हा त्याच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या आणि १९९९ च्या जानेवारीत तिथं रोप लावायला गेल्या असताना त्यांनी मारही खाल्ला. जंगल वाचलं. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सुरुवात मोळीपासूनच!

आपल्या हातात काय आहे?

आत्याच्या वेळी बायांच्या हातात फक्त एक पावती होती. आज त्याहून बरंच काही आहे, फक्त ते आहे हे माहीत हवं.

गावात राहणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट म्हणजे महिलांची ग्रामसभा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते, सह्या घरपोच गोळा होतात. पुढच्या वेळी वही घरी आली तर सही करू नका, सभेला जाऊन करा. डोंगर, गायरान, सरपण, चारा हे विषय तिथं मांडता येतात. जिथं वनहक्क कायदा, २००६ लागू होतो, तिथं तर जंगल राखण्याचा अधिकारच ग्रामसभेला दिला आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठीही हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. अकोल्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. तुम्ही गेला नाहीत तर सभाच पुरी होत नाही!

दुसरं म्हणजे कागद वाचा. वाचता येत नसेल तर नववीतली मुलगी बरोबर घ्या. झाड कुठल्या गट नंबरातलं, किती झाडं, कुठली जात, परवानगी कुणाची, तारीख कोणती, हे पाच प्रश्न विचारले की निम्मे ठेकेदार घाम पुसायला लागतात. साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, हिरडा, मोह अशी काही झाडं तर स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सरकारी जंगलातल्या तोडीची तक्रार वनरक्षकाकडे, वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर करता येते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे आपली पावती!

शहरातल्या मैत्रिणींनीही हातावर हात ठेवून बसू नये. महापालिका, नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. झाडं तोडायच्या आधी वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लावावी लागते आणि त्यावर हरकत घेता येते. ती नोटीस आपण वाचतच नाही. आपल्याला जाग येते करवत सुरू झाल्यावर. मुंबईत आरेचं काय झालं आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. तिथले लोक तर वर्षानुवर्षं झगडत होते. तरी तीन रात्रींत हे झालं. मग जिथं कुणी नोटीसही वाचत नाही, तिथं काय होत असेल?

आणि तिसरं, सगळ्यांसाठी. आपल्या भागात झाडं राखायचा उपक्रम निघाला, तर पहिल्या बैठकीत एक प्रश्न नक्की विचारा. या झाडांवर कुणाची चूल, कुणाची शेळी अवलंबून आहे, आणि त्यांना बैठकीला बोलावलंय का? उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, घरोघरी टाक्या पोचल्या. पण टाकी संपली की दुसरी भरायला पैसे नसतात, मग ती कोपऱ्यात पडून राहते आणि बाई पुन्हा विळा-दोर घेते. तिला चोर ठरवणं सोपं आहे. तिच्याशी बोलणं थोडं अवघड आहे, पण झाडं त्यानंच वाचतात.

परवा आत्याकडे गेले होते. आता तिचे गुडघे दुखतात, डोंगरात जाणं होत नाही. घरात गॅस आहे, पण भाकरी ती अजून चुलीवरच करते. सरपण सून आणते, ठरलेल्या दिवशी, वेचून. ओट्यावर बसलं की समोर डोंगर दिसतो. पायथ्याशी जिथं ती चौदा झाडं पडली होती, तिथल्या बुंध्यांतून फुटवे येऊन आता त्यांचीच झाडं झालीत.

“त्या दिवशी भ्या वाटलं नव्हतं?” मी विचारलं.

“वाटलं की. पर म्हणलं, एकदा नाव भोंग्यावर गेलंय. आता आनखी काय जायचं ऱ्हायलंय?” ती हसली. मग डोंगराकडे बघत म्हणाली, “तवा झाडं माझ्यापासून राखली व्हती. आता ती मी राखलीत.”

पावती फळीवर तशीच आहे. सुनेला तिनं सांगून ठेवलंय, मी गेले तरी फेकू नको.